एसक्यूएलमध्ये स्ट्रिंगची लांबी आणि नल: या चुका टाळा

डेटाबेसला विचारलेली एसक्यूएल क्वेरी तक्रार न करता चालते, ओळीही हव्या तेवढ्याच येतात, पण एखाद्या कॉलममधला मजकूर मध्येच तुटलेला असतो. असं दिसलं की आपण आधी डेटा तपासायला घेतो. सुरुवात क्वेरीतल्या एक्स्प्रेशनपासून करा. निकालातल्या प्रत्येक कॉलमचा टाइप, त्याची कमाल लांबी आणि त्यात नल (किंमतच नसणं) येऊ शकतो का, हे डेटाबेसचं इंजिन सहसा एकही ओळ वाचण्याआधी ठरवून मोकळं होतं. पुढे कितीही लांब मजकूर आला तरी ते माप बदलत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये याचा सर्वाधिक त्रास होतो तो इजनलमुळे. हे फंक्शन नलच्या जागी दुसरी किंमत देतं, पण पहिल्या आर्ग्युमेंटचा टाइप लांबीसकट उचलतं. कॉलम एनव्हारकॅर(३), म्हणजे तीन कॅरेक्टरांपर्यंतचा मजकूर, असेल आणि नलच्या जागी 'माहिती' हा शब्द द्यायचा असेल, तर हाती 'माह' एवढंच लागतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. तेच काम करणारं कोअलेस मात्र सगळी आर्ग्युमेंट्स पाहून पुरेशी लांबी घेतं, म्हणून बरेच जण सरसकट इजनल काढून कोअलेस घालतात. तेही घाईचं आहे. इजनलमध्ये नलऐवजी ठरलेली किंमत दिली असेल तर तो कॉलम 'नॉट नल' धरला जातो, कोअलेसचा धरला जात नाही. सिलेक्ट इंटूने क्वेरीच्या निकालातून बनवलेल्या टेबलवर नंतर प्रायमरी की (ओळ ओळखणारा, नल न चालणारा कॉलम) लावायची असेल, तर हाच फरक आडवा येतो. अशा ठिकाणी इजनलच ठेवा, फक्त पहिलं आर्ग्युमेंट कास्टने (टाइप बदलणाऱ्या फंक्शनने) रुंद करून घ्या.

त्याच कास्टमध्ये लांबी लिहायला विसरू नका. नुसतं व्हारकॅर (मजकुराचा टाइप) लिहिलं तर एसक्यूएल सर्व्हर व्हेरिएबलच्या घोषणेत लांबी १ धरतो आणि कास्टमध्ये ३०. पोस्टग्रेस मात्र त्याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा घेतो. त्यामुळे एका डेटाबेसची स्क्रिप्ट दुसरीकडे नेताना हा घोळ हमखास होतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये अधिक चिन्हाने स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडतानाही नियम तोच. सगळे तुकडे साध्या व्हारकॅरचे असतील तर जोडलेला मजकूर ८००० बाइटांवर कापला जातो, मग तो व्हारकॅर(मॅक्स) व्हेरिएबलमध्ये ठेवत असलात तरी. माप जोडणाऱ्या तुकड्यांवरून ठरतं, निकाल कुठे जाणार यावरून नाही. पहिलाच तुकडा मॅक्स करून घेतला की प्रश्न मिटतो.

मायएसक्यूएलच्या रिकर्सिव्ह सीटीईमध्ये (स्वतःच्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणाऱ्या क्वेरीत) कॉलमची रुंदी फक्त पहिल्या, रिकर्सिव्ह नसलेल्या भागावरून ठरते. तिथे एक अक्षर देऊन पुढे कॉनकॅटने (स्ट्रिंग जोडणाऱ्या फंक्शनने) वाढवत गेलात तर स्ट्रिक्ट मोडमध्ये (न मावणारी किंमत नाकारणाऱ्या सेटिंगमध्ये) एरर येते आणि तो मोड बंद असेल तर मजकूर कापला जातो. पहिल्या भागातच कास्ट करून कॅर(२००) असं माप द्या.

देवनागरी डेटा असेल तर लांबी बाइटांत मोजली आहे की कॅरेक्टरांत, हे आधी पाहा. 'मराठी' या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण काना आणि वेलांटी वेगळी धरून युनिकोडची कॅरेक्टरं ५ होतात आणि यूटीएफ-८ मध्ये बाइट १५. मायएसक्यूएलमध्ये लेंग्थ १५ सांगतं, कॅर_लेंग्थ ५. ओरॅकलची व्हारकॅर२(१०) ही लांबी मूळ सेटिंगनुसार बाइटांत असते, म्हणजे यूटीएफ-८ डेटाबेसमध्ये हा एवढासा शब्दही तिथे मावत नाही. आकड्यापुढे 'कॅर' लिहा. एसक्यूएल सर्व्हरचं लेन शेवटच्या स्पेस मोजत नाही. त्या मोजायच्या असतील तर डेटालेंग्थ वापरा, ते बाइट देतं.

नलची लांबी शून्य नसते, नलच असते. म्हणून 'लांबी ५ पेक्षा कमी' अशी अट लावली की नल असलेल्या ओळी गुपचूप गळतात. त्या हव्या असतील तर 'इज नल' ही अट वेगळी जोडा. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग हीच नल असल्यामुळे 'बरोबर रिकामी' अशी तुलना कधीच खरी ठरत नाही. जोडणीतही एकवाक्यता नाही: दोन उभ्या रेघांनी जोडताना पोस्टग्रेस एका नलपायी सगळा निकाल नल करतो, ओरॅकल नल रिकामा धरून पुढे जातो. मायएसक्यूएलचं कॉनकॅट नल देतं, कॉनकॅट_डब्ल्यूएस नल वगळतं.

शंका आली की अंदाज बांधत बसू नका, इंजिनलाच विचारा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी_डिस्क्राइब_फर्स्ट_रिझल्ट_सेट ही प्रोसिजर क्वेरी न चालवता प्रत्येक कॉलमचा टाइप, लांबी आणि नल चालतो का ते दाखवते. मायएसक्यूएलमध्ये त्याच सिलेक्टला लिमिट ० लावून तात्पुरतं टेबल बनवा आणि त्यावर डिस्क्राइब चालवा.