पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी मध्येच का सुटते? या चुका टाळा

मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिच्यातल्या हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलेले बरेच नवखे ऑगस्टमध्ये धावायला लागतात. हातात पाचेक महिने असतात आणि प्रकृती ठीक असेल तर शून्यापासून २१.१ किलोमीटरपर्यंत पोचायला ते पुरतात. तरीही ऑगस्टमध्ये पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर दिसणारे निम्मे चेहरे दिवाळीनंतर दिसत नाहीत. कुणी रस्त्यात भेटलं आणि विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "मोटिव्हेशनच राहिलं नाही हो."

मला हे कारण पटत नाही. भर पावसात पहाटे साडेपाचला उठून येणाऱ्या माणसाला इच्छाशक्ती नव्हती असं कसं म्हणायचं? बहुतेकांचं चुकतं ते मोजमाप. आज तीन किलोमीटर झाले, पण डोळ्यांसमोर एकवीस आहेत, म्हणजे अजून अठरा कमी. असं रोज नापास व्हायचं असेल तर शाळेत कोण जाईल? रोजची छोटी जीत नीट ठरवली आणि मोजली, तर चिकाटी आपोआप टिकते. ती ठरवताना आणि मोजताना होणाऱ्या चुका मात्र सगळ्यांच्या जवळपास सारख्याच असतात.

पहिल्याच आठवड्यात जीव काढणं

सगळ्यात जास्त माणसं इथेच गळतात. पहिल्या दिवशी शाळेतल्या शर्यतीसारखं सुटायचं, चारशे मीटरवर धाप लागायची, पोटात कळ यायची, आणि मग "आपल्याला हे जमणार नाही" असा निकाल स्वतःच लावायचा. खरं तर जमलं नाही ते एवढ्या वेगानं धावणं. हळू धावून पाहिलेलंच नसतं.

वेग ठरवायला घड्याळ लागत नाही. धावता धावता शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दर दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. तेवढ्यानंही दम लागत असेल तर चाला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी पुढे नवख्यांना धावणं आणि चालणं आलटून पालटून करायला शिकवलं. त्यांच्या पद्धतीनं जगभर असंख्य लोकांनी मॅरेथॉन पूर्ण केली. आपल्याकडे मात्र मध्ये चालायची लाज वाटते. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं नऊ-दहा वेळा करा. अर्धा तास होतो. आठवड्यातून तीनदा एवढंच केलं तरी पहिला महिना भरून निघतो.

सावकाश जाण्याला शरीराचंही एक कारण आहे. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सरावतात, पण हाडं आणि स्नायूबंध घट्ट व्हायला महिने लागतात. त्यामुळे सहाव्या आठवड्यात दम पुरतो, उत्साह वाढतो, माणूस एकदम अंतर वाढवतो आणि नडगी दुखायला लागते.

जीत आपल्या हातात नसणं

"या महिन्यात चार किलो कमी करायचे" किंवा "किलोमीटर सहा मिनिटांत मारायचा" ही रोजची उद्दिष्टं म्हणून वाईट आहेत, कारण ती आज पूर्ण होतील की नाही हे आपण ठरवत नाही.

वजनाचं गणित तर फारच निष्ठुर आहे. सत्तर किलोचा माणूस एक किलोमीटर धावला तर ढोबळमानाने सत्तर कॅलरी खर्च होतात. चार किलोमीटरचे झाले २८०. रविवारच्या लाँग रननंतर ग्रुपसोबत तर्रीदार मिसळ आणि जादा पाव झाला की हिशोब उलटा फिरतो. (मिसळ सोडा असं मी म्हणत नाही. रविवारी सगळे येतात त्यात तिचा मोठा वाटा आहे. फक्त दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभं राहू नका.)

वेगाचंही तसंच. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, आणि त्याच वेगासाठी हृदयाला जास्त काम पडतं. दादर किंवा ठाण्यात ऑक्टोबरमध्ये धावणाऱ्याचा पेस, म्हणजे धावण्याचा वेग, सप्टेंबरपेक्षा घसरला तर तो हवामानाचा परिणाम असू शकतो. ॲपवरचा लाल बाण बघून "आपण मागे चाललोय" असं वाटणं साहजिक आहे, पण ते चूक आहे.

मग मोजायचं काय? आदल्या रात्री ठरवायचं: उद्या पंचवीस मिनिटं, कोणत्याही वेगानं. ती झाली की दिवस जिंकला, वहीत खूण करायची. कार्ल वाइक या संघटनशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये छोट्या जितींवर एक गाजलेला लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की प्रश्न अवाढव्य दिसला की माणूस गांगरतो. तोच प्रश्न आवाक्यातल्या, पूर्ण होऊ शकणाऱ्या तुकड्यांत मांडला की हात चालायला लागतो, आणि एक तुकडा झाला की पुढचा दिसतो. वाइक सामाजिक प्रश्नांबद्दल लिहीत होते, पण एकवीस किलोमीटरलाही ते लागू पडतं.

महिन्यातून एकदा मात्र एकच ठरलेला रस्ता, तशाच आरामाच्या वेगानं, पुन्हा धावून पाहा. ज्या चढावर पहिल्या महिन्यात चालावं लागलं तिथे आता बोलत बोलत जाता येतं का? ही प्रगती घड्याळापेक्षा लवकर दिसते.

शून्यापासून सुरुवात केली असं समजणं

२००६ मध्ये नून्स आणि ड्रेझ या संशोधकांनी गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर ग्राहकांना शिक्क्यांची कार्डं वाटली. काहींच्या कार्डावर आठ रिकाम्या जागा होत्या. काहींच्या कार्डावर दहा होत्या, पण दोन आधीच भरलेल्या. दोघांनाही धुवायची गाडी आठच वेळा. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यातल्या ३४ टक्क्यांनी. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आधीपासून जे करताय ते लिहा: स्टेशनपर्यंतचं रोजचं चालणं, तीन मजले जिने, शनिवारची पर्वती. तुम्ही कोरे नाही आहात.

एक दिवस बुडाला म्हणून सगळंच सोडणं

गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी. ऑगस्ट ते नोव्हेंबर हे वेळापत्रक महाराष्ट्रातल्या घरात मोडणारच. घरी पाहुणे असताना पहाटे बूट घालून निघणाऱ्या सुनेला किंवा जावयाला काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते वेगळं सांगायला नको. वेळापत्रक मोडणं हा प्रश्नच नाही. मोडल्यावर डोक्यात जे सुरू होतं तो प्रश्न आहे.

डाएट करणाऱ्यांवर काम करणाऱ्या जॅनेट पॉलिवी आणि पीटर हर्मन यांनी हे फार पूर्वी टिपलं होतं. नियम एकदा मोडला असं वाटलं की माणूस "आता गेलंच आहे तर जाऊ दे" म्हणतो आणि नियम नसता तर केलं नसतं त्याहून जास्त खातो. धावण्यात याचं रूप असं: मंगळवार बुडाला, म्हणून गुरुवारीही नको, सोमवारपासून नव्यानं सुरू करू. तो सोमवार पुढे सरकत राहतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी रोजची साधी सवय अंगवळणी पडायला किती काळ लागतो ते तपासलं. मधला आकडा ६६ दिवसांचा आला, पण माणसामाणसांत फरक प्रचंड: १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. "एकवीस दिवसांत सवय लागते" हा फॉरवर्ड त्यामुळे विसरून गेलात तरी चालेल. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की मध्ये एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणून "सलग इतके दिवस" हा ॲपमधला आकडा नवख्यांनी बंदच करावा असं माझं मत आहे. तो वाढतो तेव्हा छान वाटतं, पण एकदा शून्यावर आला की दोन महिन्यांची मेहनत पुसली गेल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा आठवड्याला तीन वेळा हे माप ठेवा. मंगळवार गेला तर बुधवार आहे.

त्यासोबत एक छोटा पर्याय आधीच ठरवून ठेवा. पाऊस कोसळतोय, पाहुणे आहेत, रात्री एकला झोपलात, तर काय? "तर सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं चालायचं." ही दहा मिनिटं फिटनेससाठी नसतात, ती बूट पायात जावेत म्हणून असतात.

परत येण्याचा हिशोब साधा आहे. आठवडाभर खंड पडला तर जिथे सोडलं तिथूनच, थोडं हळू सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले तर वेळापत्रकात दोन पायऱ्या खाली या. बुडालेले किलोमीटर मात्र कधीही भरून काढू नका. रविवारी दुप्पट धावणाऱ्याचा पुढचा आठवडा बहुधा बर्फाच्या पिशवीसोबत जातो.

तयारीलाच जीत समजणं

कार्बन प्लेटचे (तळव्यात कार्बनची पट्टी असलेले) बूट, जीपीएस घड्याळ, प्रोटीनचा डबा, पेसवरचे तासभराचे व्हिडिओ. खरेदीनं समाधान मिळतं आणि तेवढ्यावर भागतं. बूट आपल्या पायाला बसणारे हवेत, बाकी सगळं डिसेंबरपर्यंत थांबू शकतं.

व्हॉट्सॲप स्टेटसचंही तसंच. पीटर गोल्विट्झर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की आपली ओळख घडवणारा संकल्प इतरांच्या नजरेत भरला की काही वेळा त्यावरचं काम कमी होतं. लोकांनी "वा, रनर!" म्हटलं की रनर झाल्याचं समाधान आधीच मिळून जातं. सगळ्या जगाला सांगण्यापेक्षा एकाच माणसाला सांगा, जो पावणेसहाला फाटकाशी उभा असेल आणि तुम्ही न आल्यास फोन करेल.

मधल्या टप्प्याला घाबरणं

सुरुवातीला नवेपणा असतो, शेवटी शर्यत जवळ येते. जोर मध्ये ओसरतो. हे इतकं नेहमीचं आहे, की नोव्हेंबरमध्ये कंटाळा आला तर तुमचं काही बिघडलेलं नाही. मोजायची बाजू बदला. मिंजुंग कू आणि आयलेट फिशबाक यांच्या २०१२ च्या अभ्यासाचं सार असं, की झालेलं आणि उरलेलं यांतल्या लहान आकड्याकडे पाहिलं की उत्साह टिकतो. अर्ध्यापर्यंत "पाच आठवडे झाले" म्हणा, अर्ध्यानंतर "सात उरले". शर्यतीतही हेच करा: अकराव्या किलोमीटरपर्यंत झालेले मोजा, मग उरलेले.

या काळात मध्येच एखादी दहा किलोमीटरची स्थानिक शर्यत ठेवली तर फार उपयोग होतो. गावोगावी हिवाळ्यात त्या होतात. फक्त पहिल्याच वर्षी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचं नाव ऐकून हुरळून जाऊ नका. यवतेश्वर घाटाचा चढ नवख्याला छोटी जीत देण्यासाठी बांधलेला नाही.

चिकाटीच्या नावाखाली दुखणं रेटणं

इथे मी चिकाटीच्या विरुद्ध बाजूनं बोलणार आहे. पोटऱ्या आणि मांड्या दोन्ही बाजूंनी सारख्या ठणकत असतील आणि दोन दिवसांत कमी होत असेल तर ते सरावाचं दुखणं. पण नडगीवर एका बोटानं दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर थांबा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडाला बारीक तडा असू शकतो आणि तो रेटून बरा होत नाही. छातीत दडपण, चक्कर किंवा हात-जबड्याकडे जाणारं दुखणं असेल तर ताबडतोब धावणं थांबवून दवाखाना गाठा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी पहिला बूट बांधण्याआधीच डॉक्टरांना भेटावं.

दुखापतीत वही बंद करू नका. त्या आठवड्याची जीत वेगळी असते: फिजिओनं दिलेले व्यायाम तीन वेळा, पोहणं दोनदा. खूण तिथेच, त्याच रकान्यात.

पदक मिळालं आणि बूट कपाटात गेले

याकडे फार थोडे लक्ष देतात. जानेवारीचा रविवार संपतो, फोटो टाकून होतात, आणि सोमवारपासून उठायचं कशासाठी हे कळत नाही. याचं उत्तर शर्यतीआधीच लिहून ठेवलेलं बरं. पहिला आठवडा फक्त चाला. दुसऱ्यात एकदा-दोनदा वीस मिनिटं, घड्याळाशिवाय. तिसऱ्यापासून पुन्हा आठवड्याला तीन वेळा, आणि फेब्रुवारीत पुढची शर्यत निवडा. ती मोठी असायलाच हवी असं नाही, दहा किलोमीटरचीही चालेल.