धनुष्य घरी ठेवा, मग हरणाच्या मागावर जा

साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला, वयाच्या १७ व्या वर्षी, कंपाउंड (टोकांना चाकं लावलेल्या धनुष्याच्या) धनुर्विद्येत जागतिक विजेतेपद मिळवलं. तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांच्या मोबाइलमध्ये धनुष्याचे व्हिडिओ क्रिकेटच्या बरोबरीने फिरतात. त्यातले निम्मे परदेशातल्या शिकारीचे. एकटा माणूस, पाठीवर सॅक, हातात धनुष्य, समोर डोंगर आणि धुक्यातून येणारं हरीण. माझा भाचा गेली दोन वर्षं धनुष्य शिकतोय. एक दिवस जेवताना त्याने विचारलंच, "मामा, आपल्याकडे सांबर मारता येईल का रे असं?"

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे रानातल्या जनावरांची शिकार बंद आहे. हरणाच्या शिकारीचं लायसन्स, सीझन, कोटा असलं परदेशातलं काहीही इथे नाही. कायद्यातली शिकारीची व्याख्याही नीट वाचून घ्या. जनावर मारणं, पकडणं, फासे लावणं तर त्यात आहेच, पण त्याला हुसकावणं, आमिष दाखवणं आणि यातलं काही करण्याचा नुसता प्रयत्नही आहे. म्हणजे फोटोसाठी कळपामागे पळणाऱ्याने स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवून घ्यायच्या आधी थोडा विचार करावा. शिवाय अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि शस्त्रांच्या यादीत बंदुकीसोबत धनुष्यबाण आणि सुरीही आहे. तेव्हा 'नुसतं पाठीला लावून फिरतो' हेही जमणार नाही.

भाच्याचं तोंड उतरलं. त्याला म्हटलं, बाण सुटतो तो एका सेकंदात. त्याआधी माणूस तीन-चार तास जे करतो ते सगळं तुला करता येईल: वारा बघणं, माग ओळखणं, तीस पावलांवर हरीण येईपर्यंत दगडासारखं बसणं. ती विद्या कुणी बंद केलेली नाही. पुढचं सगळं त्याला सांगितलेलंच आहे, फक्त ओळीने मांडलंय.

जागा: चांदोली नको, सागरेश्वर

पहिल्या खेपेला सगळ्यांना कोयना किंवा चांदोली हवं असतं. ते सोडा. तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे परवानगी लागते, ठरलेल्या वाटा असतात, आणि एकट्याने पायी भटकायची ती जागाच नव्हे. गवा समोर आला तर सगळी विद्या पायांत येते.

नवख्याने सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर धरावं. पुणे-मिरज लोहमार्गावर ताकारीला उतरलं की देवराष्ट्र्याच्या बाजूला हे डोंगर दिसतात. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. हे अभयारण्य जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं, आणि त्याची गंमत अशी की ते मुळात जंगल नव्हतंच. बोडक्या डोंगरांवर झाडं लावून, राखून ते उभं केलं. वृक्षमित्र धों. म. मोहिते त्यासाठी वर्षानुवर्षं झटले आणि १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आज तिथे चितळ, सांबर आणि काळवीट आहेत. काळवीट शास्त्राप्रमाणे हरणाच्या कुळातलं नाही. त्याची शिंगं गळत नाहीत, हरणाची दरवर्षी गळतात. पण मराठीत दोन्हीला हरीणच म्हणतात आणि बघायला गेलेल्याने त्यावर वाद घालू नये.

लहान जागेचा फायदा म्हणजे चुकलात तरी उतार धरून खाली आलं की रस्ता किंवा गाव लागतं. रणशूळच्या टोकावरून खाली कृष्णाकाठचे उसाचे फड दिसतात, त्यामुळे दिशा सहसा हरवत नाही. गेटवर नोंद करा आणि एकट्याला पायी कुठवर जाता येईल, किती वाजता बाहेर पडायचं, ते तिथल्या वनकर्मचाऱ्यालाच विचारा. तो जे सांगेल ते शेवटचं. वाट सोडू नका असं म्हणाला तर वाट सोडायची नाही. चितळं वाटेच्या कडेलाही येतात.

श्रावणी सोमवारी मात्र जाऊ नका. सागरेश्वराच्या दर्शनाला एवढी गर्दी असते की हरणं शहाणपणाने डोंगराच्या पलीकडे बसतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ नवख्याला बरा. एप्रिल-मेमध्ये जनावरं पाणवठ्याला धरून राहतात, दिसतात जास्त, पण उन्हात तुम्ही बसणार किती वेळ?

महिनाभर आधी, घरीच

अंतर ओळखायला शिका. धनुष्य शिकणाऱ्यांना हे सोपं जातं, कारण ५० आणि ७० मीटर त्यांच्या डोळ्यांत बसलेले असतात. बाकीच्यांनी रोज फिरायला जाताना एखादा खांब धरावा, अंदाज मनात म्हणावा आणि पावलं मोजावीत. पंधरा दिवसांत चूक पाच-सात पावलांवर येते.

मग चालणं. आपण टाच आपटत चालतो. रानात आधी पावलाची बाहेरची कड टेकवायची, खाली काटकी लागतेय का ते चाचपायचं आणि मगच भार टाकायचा. चार पावलं टाकून थांबायचं, कान द्यायचे. रानात चरणारं जनावर एका लयीत सलग चालत नाही, माणूस चालतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड: अर्धा तास न हलता बसणं. गच्चीवर बसून बघा. पाचव्या मिनिटाला नाक खाजतं, दहाव्याला मोबाइल आठवतो. धनुर्धारी शिकारी हरणाचं डोकं झाडाआड गेल्याशिवाय दोरी ओढत नाही. तुम्हीही दुर्बीण तेव्हाच उचलायची. ही एक सवय लागली तरी निम्मं काम झालं.

सामान

८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या, नाहीतर कुणाची मागून आणा. आठपट म्हणजे ८० मीटरवरचं चितळ १० मीटरवर असल्यासारखं दिसतं. याहून जास्त ताकदीची घेतली तर हातात थरथरते. मोबाइलच्या झूमने हरीण बघणं म्हणजे भिंगाने सिनेमा बघणं.

कपडे मळक्या हिरव्या किंवा मातकट रंगाचे. लष्करी छापाचे नकोत, उगाच वनरक्षकाला चौकशी करावी लागते. निळी जीन्स तर अजिबात नको. हरणांना लाल-केशरी आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, पण निळा ठळक दिसतो. कपडे उजळवणाऱ्या पावडरीत धुतलेले असतील तर ते त्यांना आणखी चमकतात. साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. अत्तर, डिओ, सुगंधी तेल बंद. वासाने हरीण बुजतं, पण त्याहून आग्या मोहोळाच्या माश्या चवताळायची भीती जास्त.

तीन लिटर पाणी, शिट्टी, टॉर्च, रुंद क्रेप बँडेज. भाकरी, गूळ-शेंगदाणे. कुरकुरणारी पाकिटं नकोत. आणि लसणाची चटणी डब्यात देऊ नका असं घरी सांगा. का ते पुढे येईल.

वारा

सगळ्या विद्येतली ही खरी गोम. हरणाच्या डोळ्यांना फसवता येतं. कानांनी ऐकलं तरी ते 'वानर असेल' म्हणून सोडून देतं. नाकाला मात्र कुणी फसवू शकत नाही. एकदा वास गेला की तुम्ही कितीही निपचित बसा, ते येणार नाही.

सावरीचा थोडा कापूस खिशात ठेवा. एक तंतू सोडला की वारा कुठे जातोय ते कळतंच, वर तो वीस-पंचवीस पावलांपर्यंत डोळ्यांना दिसत राहतो. पुढे झाडापाशी वारा वळतोय का तेही समजतं. टाल्कम पावडर एवढं सांगत नाही आणि वरून वासही देते.

डोंगरात वाऱ्याचं एक रोजचं वेळापत्रक असतं. रात्रभर गार झालेली जड हवा पहाटे उतारावरून खाली ओघळत असते. ऊन पडून उतार तापला की तीच हवा वर सरकायला लागते. म्हणून उन्हं चढल्यावर तुम्ही वर आणि हरणं खाली हवीत, म्हणजे तुमचा वास डोक्यावरून निघून जातो. पहाटे आणि संध्याकाळी उलट: हरणं वर, तुम्ही खाली. या दोन्हींच्या मध्ये सकाळी अर्धा-पाऊण तास असा येतो की हवा कुठे जावं ते ठरवत नाही. तेव्हा चालू नका. बसा, भाकरी खा. मार्चनंतर दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की हे वेळापत्रक मोडतं, मग फक्त कापूस खरा.

माझ्या पहिल्या खेपेला हे सगळं मला तोंडपाठ होतं. सकाळी साडेसातला वाटेच्या वळणावर, खाली घळ दिसेल असा, सागाच्या बुंध्याला टेकून बसलो. खाली सात चितळं चरत होती. एक मादी वर यायला लागली. साठ पावलं, पन्नास, चाळीस. भूक लागली म्हणून डबा उघडला. आईने भाकरीवर लसणाची चटणी घातली होती, आणि उन्हं अजून घळीत उतरलीच नव्हती. हवा खालीच वाहत होती. मादीने मान ताठ केली, पुढचा पाय आपटला, शेपटी उभारली आणि शिट्टीसारखा आवाज काढला. तीन सेकंदांत घळ रिकामी. चटणी मात्र झकास होती.

माग

धुळीत किंवा पाणवठ्याच्या चिखलात खूर शोधा. चितळाचा ठसा तीन बोटांत मावतो, मोठ्या सांबराचा चार बोटांना येतो. ठशाच्या कडा धारदार असतील तर ताजा, कडांवर पालापाचोळा पडला असेल किंवा मुंगीने वाट काढली असेल तर जुना. लेंड्या ओलसर आणि चकचकीत असल्या तर सकाळच्या, राखाडी पडल्या तर सोडून द्या. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर सोललेली झाडाची साल दिसली तर नराने शिंगं घासलीत. वानरं झाडावर चरत असतील तर खाली बघा. ती अर्धवट खाऊन पाला टाकतात आणि चितळं तो वेचतात.

माग काढत जनावराच्या मागे जायचं नाही. मागाचा उपयोग ते पुन्हा कुठे येणार हे ठरवायला. पाणवठ्यावर नेमकं बसू नये, त्याच्याकडे येणाऱ्या पायवाटेपासून बाजूला, तीसेक पावलांवर बसावं. नाहीतर तहानलेली जनावरं तुमच्यामुळे खोळंबतात.

बसणं

पाठीला बुंधा किंवा खडक हवा, म्हणजे तुमची आकृती आभाळावर उठून दिसत नाही. बसण्याआधी काठीने पाला बाजूला करा, फुरसं खाली नाही ना ते बघा. चितळ दिवसाही चरतं, सांबराला मात्र पहाट आणि तिन्हीसांज प्रिय. कळप दिसला की नराकडे बघत बसू नका. कळपातली म्हातारी मादी कुठे आहे ते आधी शोधा, पहारा तिचा असतो. तिने मान खाली घातली की दुर्बीण वर, तिने मान वर केली की तुम्ही दगड. तिने पाय आपटला तरी हलू नका. पुष्कळदा ती फक्त विचारत असते, आणि दहा मिनिटांनी पुन्हा चरायला लागते.

तीस पावलांवर हरीण आलं की फोटो काढायचा मोह होतो. पहिल्या वेळी काढू नका. मी काढला होता, त्यात फांदी छान आलीये. नराची शिंगं मखमली, म्हणजे अजून कोवळ्या कातडीत असतील किंवा तो माजावर येऊन ओरडत असेल तर अंतर स्वतःहून वाढवा.

एकटं असण्याचं

घरी कुणाला तरी सांगा: कुठल्या गेटने आत गेलो, किती वाजता बाहेर येणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. सूर्य मावळायच्या तासभर आधी परतीला लागा. सांगलीकडे बिबट्या आता उसातही असतो, तेव्हा तिन्हीसांजेला गवतात वाकून बसू नका. दिसलाच तर पळायचं नाही, ताठ उभं राहून तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरायचं. साप चावला तर कापाकापी, चोखणं, करकचून आवळणं काही नको. अवयव हलू न देता १०८ ला फोन करा. तारेचा फासा दिसला तर जागा लक्षात ठेवून गेटवर सांगा, किंवा वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

घरी आल्यावर आधी कपडे बाहेर झटका. कुसळं निघायला चिमटा लागेल. मग कानामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड आहे का ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. भाचा पहिल्या खेपेवरून आला तेव्हा त्याला दोन सापडल्या. हरणं त्याला अकरा दिसली, त्यातलं सगळ्यात जवळचं ३४ पावलांवर. पावलं त्याने हरीण निघून गेल्यावर मोजली.