तिशीनंतर बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीची तयारी कशी करावी

बारावी सायन्स होऊन दहा-बारा वर्षे लोटल्यावर बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीला, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेला, बसू पाहणाऱ्या स्त्रीला एक सल्ला हमखास मिळतो, की फिजिक्स-केमिस्ट्री आता झेपणार नाही, तेव्हा सगळा भर बायोलॉजीवर द्यावा. मी एकतिसाव्या वर्षी हा सल्ला ऐकला, वर्षभर तसाच अभ्यास केला आणि पहिल्या प्रयत्नात मला प्रवेश मिळाला नाही. या परीक्षेत १०० गुणांचे १०० प्रश्न असतात आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी व नर्सिंग ॲप्टिट्यूड (नर्सिंगकडचा कल तपासणारे प्रश्न) या पाचही विषयांना २०-२० गुण असतात. बायोलॉजीच्या २० गुणांपायी मी ४० गुणांवर पाणी सोडले होते. दुसऱ्या वर्षी तयारीचा क्रम उलटा केला आणि प्रवेश मिळाला. तेव्हापासून दरवर्षी ओळखीतल्या दोघी-तिघींची तयारी मी याच क्रमाने करून घेते.

पात्रता आधी तपासावी. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय ३५ च्या आत असावे लागते आणि बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे विषय मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुण लागतात.

विवाहित स्त्रियांनी नावाचा प्रश्न अर्ज भरण्यापूर्वीच सोडवावा. गुणपत्रिका आणि जात पडताळणी प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, तर आधार कार्ड सासरच्या नावाने, अशी स्थिती बहुतेकींची असते. अर्जात दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरचेच नाव लिहावे आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवण्यासाठी विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र हाताशी ठेवावे. मधल्या वर्षांच्या खंडाबद्दलचे प्रतिज्ञापत्रही याच वेळी करून घ्यावे.

माळ्यावरची जुनी पुस्तके काढू नयेत. राज्य मंडळाने अकरावीचा अभ्यासक्रम २०१९ मध्ये आणि बारावीचा २०२० मध्ये बदलला आहे, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर नवी पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. जाडजूड गाइड पहिल्या तीन महिन्यांत विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता खरा अवघड टप्पा. वय वाढले म्हणून स्मरणशक्ती गेली, असे आपल्याला वाटते, परंतु मी पाहिलेल्या एकीच्याही बाबतीत ते खरे ठरलेले नाही. गंजलेला असतो तो हाताचा हिशेब. दशांश चिन्ह, अपूर्णांक, दहाचे घात आणि एककांचे रूपांतर यांच्याशी दहा वर्षे संबंध आलेला नसतो, मोबाइलवर गणित करण्याची सवय लागलेली असते आणि परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळत नाही. त्यामुळे धडा वाचताना सगळे समजते, पण गणित पुढ्यात आले की हात थांबतो. मला हे कळायला फार उशीर लागला; मी तोच धडा पुन्हा पुन्हा वाचत राहिले आणि पहिल्या सराव परीक्षेत ९० मिनिटांत जेमतेम ५८ प्रश्नांपर्यंत पोहोचले.

म्हणून पहिले सहा आठवडे बायोलॉजी उघडूच नये. अकरावीच्या फिजिक्समधला एकके व मापन हा पहिला धडा आणि अकरावीच्याच केमिस्ट्रीमधला मोल संकल्पनेचा पहिला धडा घ्यावा आणि रोज दहा गणिते कागदावर, पायऱ्या लिहून सोडवावीत. उदाहरणार्थ, ३६ ग्रॅम पाण्यात रेणू किती? पाण्याचे रेणुवस्तुमान १८, म्हणजे ३६ भागिले १८, दोन मोल. एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले दहाचा २३ वा घात इतके रेणू, म्हणून दोन मोलमध्ये १२.०४४ गुणिले दहाचा २३ वा घात. इथवर सगळ्या जणी बरोबर येतात. उत्तराच्या पर्यायांत मात्र १.२०४४ असते, आणि दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकले की घात २३ चा २४ होतो, हे घाईत निसटते. चुकीचा पर्याय नेमका तिथेच ठेवलेला असतो. भिंगाची शक्ती काढतानाही असेच होते: नाभीय अंतर २० सेंटिमीटर असेल तर आधी त्याचे ०.२ मीटर करावे लागतात, तेव्हा १ भागिले ०.२, म्हणजे ५ डायॉप्टर हे उत्तर येते.

चुकलेले प्रत्येक गणित एका वेगळ्या वहीत उतरवावे आणि चूक सूत्राची होती, एककाची होती की आकडेमोडीची, हे शेजारी लिहावे. माझ्या वहीत निम्म्याहून अधिक नोंदी आकडेमोडीच्या निघाल्या, आणि तेव्हा कुठे मी सूत्रे घोकणे थांबवून तीसपर्यंतचे पाढे पुन्हा पाठ केले. हे काम परीक्षेपुरते नाही. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचे असेल आणि आयव्ही सेटचे, म्हणजे सलाईनच्या नळीचे, १५ थेंब म्हणजे एक मिलिलिटर असेल, तर मिनिटाला साधारण ३१ थेंब सोडावे लागतात. हा हिशेब रुग्णाच्या खाटेशी उभे राहून चुकता कामा नये.

सहा आठवड्यांनंतर बायोलॉजी सुरू करावी. घरातली आजारपणे आणि बाळंतपणे पाहिलेली असल्याने ती आपल्याला लवकर समजते. इंग्रजीसाठी रोज एक उतारा पुरेसा आहे. ॲप्टिट्यूडसाठी सराव संच सोडवावेत.

शेवटच्या दोन महिन्यांत दर रविवारी पूर्ण ९० मिनिटांची परीक्षा संगणकावर द्यावी. घरी संगणक नसेल तर सायबर कॅफेत जावे, पण मोबाइलवर देऊ नये, कारण माउस हातात धरून पडद्यावरचा प्रश्न वाचणे आणि गणित कागदावर करणे याची सवय वेगळी लागते. एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात. बायोलॉजी १० मिनिटांत, इंग्रजी आणि ॲप्टिट्यूड मिळून २५ मिनिटांत होतील इतका वेग आणावा, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीच्या ४० प्रश्नांसाठी ५५ मिनिटे उरतात. सराव परीक्षेच्या वेळेत मुलांना कोणाकडे तरी सोपवावे आणि दार आतून लावून घ्यावे. स्वयंपाकघरातून हाक आली की उठणारी स्त्री परीक्षेच्या खुर्चीतही नव्वद मिनिटे सलग बसू शकत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

परीक्षेला जाताना प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्रासोबत विवाह नोंदणी दाखल्याची मूळ प्रतही घ्यावी. उणे गुण नसल्यामुळे शेवटच्या तीन मिनिटांत गणित करणे थांबवावे आणि राहिलेल्या प्रत्येक प्रश्नाचा एक पर्याय निवडून टाकावा.