पंख पाहून कीटक ओळखताना या चुका टाळा

कीटक दिसला की बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. पिवळे-काळे पट्टे दिसले की गांधीलमाशी, पाठ चकचकीत असली की भुंगेरा, पंख रंगीत असले की फुलपाखरू. नेमकी प्रजाती ठरवताना रंगाची मदत होते, पण गट ठरवताना रंगाइतकं बेभरवशाचं दुसरं काही नाही. पंख किती आहेत, मिटल्यावर ते पाठीवर कसे बसतात आणि मिशा कशा आहेत, हे आधी बघा. (पायही मोजा. आठ भरले तर तो कोळ्यांच्या कुळातला, कीटक नव्हेच.)

पट्टे दिसले म्हणून गांधीलमाशी ठरवणे

ही चूक सर्रास होते. फुलापाशी हवेत एकाच जागी तरंगणारी हॉवरफ्लाय ही साधी माशी आहे. तिला नांगी नसते, पट्टे नुसते धाक दाखवायला. माशांच्या गटाला दोनच पंख असतात. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या उरलेल्या असतात आणि उडताना तोल सांभाळायचं काम त्या करतात. घरमाशीत त्या सहज दिसत नाहीत, पण लांब पायांची क्रेनफ्लाय भिंतीवर बसलेली सापडली तर पंखांच्या मुळाशी, थोडं मागे बघा. भिंगाशिवायही दिसतात.

मग चार पंख मोजले की गांधीलमाशी किंवा मधमाशी, एवढं सोपं का नाही? कारण तिथेही बऱ्याचदा दोनच दिसतात. मागचा पंख लहान असतो आणि त्याच्या पुढच्या कडेवर बारीक आकड्यांची रांग असते. हे आकडे पुढच्या पंखाच्या कडेत अडकतात आणि दोन्ही पंख मिळून एकच असल्यासारखे हलतात. शिवाय बसलेली गांधीलमाशी पुढच्या पंखांची लांबीत घडी घालते, त्यामुळे ते अरुंद पट्ट्यांसारखे दिसतात.

मोजणी जमली नाही तर चेहरा बघा. हॉवरफ्लायच्या डोक्याचा बहुतेक भाग डोळ्यांनीच व्यापलेला असतो आणि मिशा अगदी आखूड असतात. गांधीलमाशीच्या मिशा लांब, पेरापेरांच्या, आणि कंबर बारीक. मात्र नुसत्या मिशांवर निकाल देऊ नका. डासाच्या मिशा लांब असतात, तरी डास माशांच्याच गटातला.

टणक पाठ म्हणजे भुंगेरा

भुंगेऱ्याच्या पुढच्या पंखांचं कवच झालेलं असतं आणि दोन्ही कवचं पाठीच्या मधोमध सरळ रेषेत भेटतात. ढेकणांच्या गटात (खाटेतलाच नव्हे, झाडांवरचे रस शोषणारे ढेकूणही यातच) बहुतेकदा पुढचा पंख बुडाशी जाड आणि टोकाला पातळ पापुद्र्यासारखा असतो. मिटल्यावर तो दुसऱ्यावर चढतो आणि पाठीवर फुली उमटते, तिच्या पुढे एक त्रिकोण. सरळ रेघ की फुली, एवढं पाहिलं तरी पुष्कळ गोंधळ मिटतो.

मिटत नाही तो काही झळाळत्या ढेकणांच्या बाबतीत. त्यांचा तो त्रिकोण वाढून अख्खं पोट झाकतो, म्हणून पाठीवर ना रेघ ना फुली, नुसती गुळगुळीत ढाल. अशा वेळी खालची बाजू बघा. ढेकणाची रस शोषायची सोंड अंगाखाली मागे दुमडलेली असते, भुंगेऱ्याला चावायचे जबडे असतात. सोंडकिड्याचं तोंड लांबट असलं तरी टोकाला जबडेच असतात आणि मिशा त्या सोंडेवरूनच फुटतात. तो भुंगेराच.

फुलपाखरू, पतंग आणि इतर जोड्या

दिवसा उडणारे रंगीत पतंग भरपूर आहेत, तेव्हा वेळ आणि रंग दोन्ही बाजूला ठेवा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ किंवा आकडा असतो, पतंगाच्या मिशा सहसा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. अपवाद आहेत, पण थोडे.

चतुर पंख पसरून बसतो, टाचणी (चतुरासारखाच, पण बारीक अंगाचा कीटक) बहुधा मिटून. पंख अर्धवट उघडे ठेवणाऱ्या टाचण्याही असतात, म्हणून डोळे बघा: टाचणीचे डोळे एकमेकांपासून लांब असतात. पंख जाळीदार पण मिशा ठळक आणि टोकाला जाड असल्या, तर ती टाचणी नव्हेच, मुंगीसिंहाचा, म्हणजे मातीत खळगा करून मुंग्या पकडणाऱ्या अळीचा, प्रौढ कीटक आहे.

दिव्याभोवती जमणाऱ्या पंखवाल्या वाळवीला लोक मुंगी समजतात. वाळवीचे चारही पंख जवळपास सारखे, मिशा सरळ, कंबर नाहीच. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मिशा कोपरातून वाकलेल्या.

पंख नाहीत म्हणून वेगळा गट

या चुकीला मोठी परंपरा आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये कीटकांचे गट पंखांवरूनच पाडले आणि बिनपंखी म्हणून पिसवा, उवा, कोळी, खेकडे एकाच खात्यात टाकले. पिसवांचे पूर्वज पंखवाले होते, पंख नंतर गळाले. कामकरी मुंगीला पंख नसतात आणि काही पतंगांच्या माद्यांनाही नसतात. नाकतोड्याच्या पिल्लाच्या पाठीवर पंखांचे नुसते कोंब असतात, त्याला नवीन प्रजाती समजू नका.

ओळख विचारायला फोटो काढणार असाल तर एक सरळ वरून घ्या, मिटलेले पंख दिसतील असा, आणि एक बाजूने, मिशा आणि तोंड स्पष्ट येतील असा. फुलासकट घेतलेल्या सुंदर फोटोत नेमकं हेच झाकलं जातं.