खाडीचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा असेल तर

दापोली तालुक्यात सोसायटीचा गटसचिव म्हणून माझी नोकरी गेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट जमा-खर्चात मांडल्याशिवाय मला पटत नाही. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या भरतीचं पाणी येणाऱ्या खारट जमिनीत, कोळंबीचे तलाव काढायचा विषय हल्ली बऱ्याच गावांत निघतो. तलाववाल्याकडे छापील आकडे असतात, खाडीच्या बाजूने बोलणाऱ्याकडे नुसतं भाषण. म्हणून हे लिहितोय.

कांदळ, म्हणजे खाडीतली खारफुटीची झाडं, तोडायला कोर्टाची बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हंगामी आणि 2018 मध्ये अंतिम आदेश दिला, आणि तो खाजगी खाजणालाही लागू आहे. मग हिशेब कशाला? तोड डोळ्यांना दिसते, पण बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की कांदळ उभ्या उभ्या वाळतं, आणि तेव्हा दोष द्यायला कोणी सापडत नाही.

पहिलं म्हणजे अख्ख्या खाडीची किंमत काढायला बसू नका. रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये साऱ्या पृथ्वीची काढली, वर्षाला सरासरी 33 लाख कोटी डॉलर. ग्रामसभेत हे सांगितलंत तर मागून कोणीतरी विचारणारच, 'आमच्या वाटणीला किती?' तुम्ही फक्त फरक काढा: भरती चालू राहिली तर काय मिळतं, बंद झाली तर त्यातलं काय जातं. परदेशातल्या अभ्यासाचा हेक्टरी आकडा उचलून आपल्या एकरांनी गुणू नका. एका प्रश्नात तो कोसळतो.

मग खाडीत उतरणाऱ्यांकडे जा. कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या काकीला 'महिन्याला किती सुटतात' असं विचारलंत तर 'कसलं काय, पोटापुरतं' एवढंच उत्तर येईल. 'गेल्या उधाणाला किती वाटे झाले, घरी किती ठेवले, किती गेले?' असं विचारा. मग ती बोटं मोजत सगळं सांगते: अमावास्येला सुकती (ओहोटी) मोठी, खडक जास्त उघडे पडतात, भांगाला (भरती-ओहोटी लहान असते तेव्हा) जाण्यात अर्थ नाही, पावसाळ्यात बंद. घरी शिजवलेलंही बाजारभावाने जमेस धरा, ते विकत आणावं लागलं असतंच. चिंबोऱ्या, मुळे (चिखलातल्या शिंपल्या), पाग (फेकायचं जाळं) टाकून मिळालेली बोय मासळी, सगळं असंच.

आता वजाबाकी, आणि इथे लोक टाळाटाळ करतात. जाळं, होडीची डागडुजी, आणि खाडीत उतरणाऱ्याच्या दिवसाची गावातली मजुरी वजा करा. उरेल तेवढंच खाडीचं. आकडा लहान होतो, होऊ द्या. तो कोणी खोडू शकणार नाही.

जिताड्याची, कोळंबीची पिल्लं कांदळाच्या मुळांत वाढतात हे खरं. पण बाजारात गेलेली मासळी एकदा धरलीत, तर तिच्या पिल्लांचा पाळणा वेगळा धरू नका. एकच रक्कम दोनदा जमा केली तर ऑडिटर सोडत नाही.

सर्वांत मोठा गोंधळ लाटांपासूनच्या संरक्षणाचा. सोपी वाट म्हणजे तेवढ्या लांबीच्या दगडी बंधाऱ्याचा खर्च कांदळाच्या नावे लिहिणं. थायलंडच्या कांदळवनांचा हिशेब अर्थतज्ज्ञ एडवर्ड बार्बियर यांनी 2007 मध्ये दोन्ही रीतींनी मांडला, तर बंधाऱ्यावरून काढलेला आकडा वाचलेल्या नुकसानीवरून काढलेल्या आकड्याच्या जवळपास चौपट भरला. तेव्हा तलाठ्याचे पंचनामे बघा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात पोफळी मोडल्या, पत्रे उडाले, ते वाऱ्याने. ते कांदळाच्या खात्यावर टाकू नका. खारं पाणी कोणत्या शेतात, कोणत्या विहिरीत शिरलं, कांदळामागच्या वाडीत किती आणि उघड्या काठाच्या वाडीत किती, एवढंच घ्या.

तलावाच्या बाजूलाही हीच शिस्त लावा. नफा मालकाचा, घाण पाणी खाडीत सोडल्याचा आणि तलाव बंद पडल्यावर जमीन पूर्ववत करण्याचा खर्च कोणाचा, हे लिहून मागा.

शेवटी व्याजदर, म्हणजे पुढे मिळणारा पैसा आजच्या किमतीत आणायचा दर. तलाव पैसा लवकर देतो, खाडी सावकाश देते, त्यामुळे निकाल बऱ्याचदा या एकाच आकड्यावर फिरतो. 20 वर्षांनी मिळणारे 1 लाख रुपये 8 टक्क्यांनी आजचे साधारण साडेएकवीस हजार होतात, 4 टक्क्यांनी साडेपंचेचाळीस हजार. दोन्ही दरांनी मांडा. समोरच्याने एकच मांडला असेल तर दुसरा का नाही, ते विचारा.

खाडीकाठच्या देवस्थानाला रुपये लावू नका. वेगळ्या कागदावर 'किंमत लावलेली नाही' असं लिहा आणि तो कागद जोडा, नाहीतर ती रक्कम शून्य धरली जाते. सगळ्याची एक प्रत गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवहीसाठी द्या, आणि पोच घ्या.