पार्कला जाण्याआधी रिक्षात बसून बघा

सांगलीहून खोपोलीचं इमॅजिका हे राईड्सचं पार्क तीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. पहाटे चारला व्हीलचेअरवरच्या पोरीला उठवायचं, गाडीत नाश्ता भरवायचा आणि गेटवर जाऊन "हे जमणार नाही" ऐकायचं, हे परवडत नाही. म्हणून महिनाभर आधी तयारीला लागा.

पहिलं काम कागदांचं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून त्यावरची मुदत बघा. लहान मुलांचं प्रमाणपत्र बऱ्याचदा ठरावीक वर्षांपुरतं असतं आणि ते संपल्याचं कळतं नेमकं तिकीट खिडकीवर. मूळ कार्ड, दोन झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो, एवढं पुरे. सगळी फाईल नेऊ नका, तिथे कुणी वाचत नाही.

मग फोन. "दिव्यांगांसाठी सोय आहे का?" असं विचारलंत तर "हो मॅडम, आहे" एवढंच उत्तर मिळतं. आम्हाला एका दुसऱ्याच पार्काने असंच सांगितलं होतं. रस्ते सपाट होते, स्वच्छतागृहही बरं होतं, पण राईडच्या दाराशी सात पायऱ्या निघाल्या, आणि वर "उचलून आणा ना". आमची पोरगी चौतीस किलोची! तेव्हापासून मी एकेक राईडचं नाव घेऊन विचारते: व्हीलचेअर कुठपर्यंत येते, पायऱ्या किती, सीटवर स्वतः बसावं लागतं का, सोबत किती जणांना सोडता, मोठ्या मुलीचे कपडे बदलायला आडवं झोपवता येईल अशी जागा आहे का. उत्तर ईमेलवर मागा आणि प्रिंट काढून पिशवीत ठेवा. फोनवर बोललेला माणूस त्या दिवशी ड्युटीवर नसतो.

रांगेचा मुद्दा वेगळा काढा, खास करून मूल ऑटिस्टिक असेल तर. अमेरिकेत डिस्नेच्या पार्कांत डीएएस नावाची सोय आहे: राईडची वेळ घ्यायची, रांगेबाहेर कुठेही थांबायचं आणि त्या वेळी यायचं. २०२४ पासून तिथेही ती प्रामुख्याने ऑटिझम आणि तशा विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती ठेवली आहे. आपल्याकडे नाव काहीही असो, मागणी तीच करा: "वेळ सांगा, आम्ही बाहेर थांबतो." "आजारी आहे" म्हटलं की समोरचा दया दाखवतो आणि काम तसंच राहतं. "गर्दीत दहा मिनिटांवर थांबू शकत नाही" म्हटलं की त्याला काय करायचं ते कळतं. आपलं मूल किती थांबू शकतं हे माहीत नसेल तर संकष्टीला गणपती मंदिराच्या रांगेत उभं राहून घड्याळ लावा.

आता रिक्षा. राईडचे कर्मचारी सहसा मुलाला उचलत नाहीत, त्यामुळे खुर्चीतून सीटवर जायचा सराव आधीच करावा लागतो. आम्ही त्यासाठी स्टँडवरच्या रिक्षावाल्या मामांना दुपारच्या रिकाम्या वेळी विचारलं. व्हीलचेअर रिक्षाला तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक, पायाची पट्टी बाजूला (ही विसरलं की टाच अडकते), तिचा उजवा हात पुढच्या दांडीवर, माझा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकवून. घाई केली की तिचे पाय ताठ होतात, म्हणून मी तीन आकडे मोजते आणि तिसऱ्यालाच उठवते. पहिल्या दिवशी चार मिनिटं लागली, पंधरवड्याने दीड.

डॉक्टरांना "राईडला बसवू का?" एवढंच नका विचारू. झटके, जोराचं वळण, चमकते दिवे, पाण्यात भिजणं हे सुटं सुटं विचारा. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, तिथे रोलरकोस्टर नकोच. फिट येणाऱ्या मुलाचं औषध गाडीत नव्हे, अंगावरच्या पिशवीत.

दिवस मधल्या वाराचा धरा, मे आणि दिवाळीची सुट्टी टाळा. व्हीलचेअरची रुंदी मोजताना हाताने फिरवायच्या कडीसकट मोजा. आमची पंचवीस इंच भरते आणि हायवेवरच्या कितीतरी स्वच्छतागृहांचं दार त्याहून अरुंद असतं. टॉवेल न्या, कारण उन्हात रेक्झिनची सीट चटका देते. आणि खुर्चीचे टायर हवेचे असतील तर आदल्या रात्री दाबून बघा, पहाटे चारला पंक्चरवाला मिळत नाही.