वसंतात वाचायचं पुस्तक निवडताना

मुखपृष्ठावरची फुलं पाहून पुस्तक उचलू नका. मधलं कुठलंही पान उघडून सलग तीन पानं वाचा. ऊन, वास, आवाज, झाडाचं नेमकं नाव यांतलं काही त्यात सापडतंय का ते बघा. 'निसर्ग बहरला होता' एवढ्यावरच भागवलं असेल तर पुस्तक खाली ठेवा. उलट, पानंच्या पानं वर्णन आणि माणूस एकही नाही, असं पुस्तक दुपारच्या उन्हात हमखास झोप आणतं.

अनुवादित कादंबरी घेताना एक ध्यानात असू द्या. युरोपातला वसंत म्हणजे बर्फ वितळण्याचा काळ. आपल्याकडे मार्चमध्येच कोल्हापुरात दुपार तापते, रंकाळ्यावर बसायचं तर ऊन उतरल्यावरच. गारव्यासाठी वाचायचं तर ती जरूर घ्या, पण इथला ऋतू तिच्यात शोधू नका.

त्यासाठी दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' चांगलं. चैत्रापासून एकेका महिन्यावर लेख आहे, त्यामुळे सगळं एका बैठकीत संपवायची घाई नको. पाडव्याला चैत्र, मग त्या-त्या महिन्याला पुढचा. सलग वाचलं की फुलांची नावं डोक्यात एकमेकांत मिसळतात. वैशाखाची रखरख हवी असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. माणदेशातली आहे आणि छोटी आहे.

विकत घेण्याआधी करवीर नगर वाचन मंदिरात चाळून बघा. जुन्या आवृत्तीचा टाइप बारीक असेल, तर संध्याकाळच्या उजेडात डोळे लवकर दमतात. तेवढ्यासाठी नवी प्रत घेतलेली बरी.